बाळंतिणीच्या खोलीचं स्टेशन

भूमच्या बाजारगल्लीत महालिंगप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून उघडं होतं, ते निव्वळ त्याच्या हट्टापायी. रेडिओ, टेप, डब्याचे टीव्ही घेऊन लोक रांग लावायचे ते दिवस कधीच गेले. आता वस्तू बिघडली की लोक नवी आणतात आणि जुनी फेकायला जीव होत नाही म्हणून महालिंगप्पाच्या दारात आणून ठेवतात. "राहू द्या अप्पा तुमच्याकडं, कशाला तरी कामी येईल." आणि हा बाबा ठेवून घ्यायचा! फळ्या भरल्या, कोनाडे भरले, पलंगाखाली सुद्धा कॉर्डलेस फोनांची डबडी. उमादेवी, त्याची बायको, म्हणायची, "लोकाच्या दारात तुळस असती, माझ्या दारात मेलेले टेप."

पण एक खरं, की मेलेल्या वस्तूला बोलतं करायची कला होती त्याच्या हातात. जिवंत माणसाशी बोलायची तेवढी नव्हती. घरात काही नाजूक विषय निघाला की महालिंगप्पा उठला, दुकानात गेला आणि कुठल्या तरी पेटीचं झाकण उघडून बसला. बायकोला त्याची सवय झाली होती. लेकीलाही झाली असावी असं तो धरून चालला होता.

लेक एकच, समृद्धी. दोन वर्षांपूर्वी तिला वाशीला दिली होती, मुंबईजवळच्या नव्हे, भूमच्या शेजारच्या तालुक्यातल्या. नवरा शिवकुमार तिथल्या एका शाळेत क्लार्क. माणूस गरीब स्वभावाचा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. सोयरीक जुळवली ती शंभुलिंग टेलरनं. शंभुलिंगचं दुकान याच गल्लीच्या तोंडाला, आणि समृद्धीची सासू अयोध्याबाई ही त्याची सख्खी बहीण. समृद्धी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, पेढे वाटले गेले. बारसं सव्वा महिन्यानं वाशीत थाटात करायचं ठरलं, तोवर पोरीला सगळे बाळीच म्हणत होते.

घराची रचना अशी, की पुढं रस्त्याला दुकान, मागं स्वयंपाकघर, मग अंगण, आणि अंगणाच्या पलीकडं पत्र्याची एक खोली. ती खोली बाळंतिणीला दिली. वारा लागत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागत नाही. उमादेवीनं तिथं बाज टाकली, लोखंडी पाळणा लावला. आंघोळ झाली की ओव्या-शेपाची धुरी द्यायची आणि निखाऱ्यांची शेगडी बाजेच्या आणि पाळण्याच्या मधे सरकवून ठेवायची, ती दुपार टळेपर्यंत. बाळंतिणीच्या अंगाला शेक पाहिजे, यात तडजोड नाही.

एके दिवशी समृद्धी न्हाणीत होती, उमादेवी स्वयंपाकघरात मिक्सरवर खोबरं काढत होती, आणि बाळी रडून रडून निळी पडली. कुणाला पत्ताच नाही! समृद्धी बाहेर आली तेव्हा पोरीचा आवाज सुद्धा बसला होता. उमादेवीनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. तिचे गुडघे गेलेले, दर पाच मिनिटाला अंगण ओलांडून बघायचं म्हणजे तिची परीक्षाच. संध्याकाळी शिवकुमारचा फोन आला तेव्हा त्याला हे कळलं. तो म्हणाला, "मामा, मी ऑनलाइन कॅमेरा मागवतो. पाळण्यावर लावायचा, मोबाइलवर सगळं दिसतं."

झालं! महालिंगप्पाच्या वर्मावर बोट पडलं. चाळीस वर्षं या गल्लीला आवाज पुरवलेला माणूस, त्याच्या नातीचं रडणं ऐकायला मशीन बाहेरून यायची?

"दोन जुने मोबाइल ठेवले तरी होतंय की अप्पा," समृद्धी दाराच्या पडद्याआडून म्हणाली.

"आणि नेट गेल्यावर? रेंज गेल्यावर? तू गप पड. दोन दिवस दे मला."

दोन दिवस त्यानं जेवणाकडं धड बघितलं नाही. जुन्या टू-इन-वनमधला माइक काढला, जळालेल्या मिक्सरच्या मोटारीची तांब्याची तार पेन्सिलीवर गुंडाळून कॉइल केली, एका रेडिओतले चार बारीक पार्ट घेतले, हे सगळं कॉर्डलेस फोनच्या रिकाम्या डबड्यात बसवलं आणि त्याला बिनकामाच्या मोबाइलचा चार्जर जोडला. अँटिना म्हणून सायकलची तार. ते डबडं त्यानं पाळण्याच्या लोखंडी दांडीला सुतळीनं बांधलं. समृद्धी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. मग दोन जुने रेडिओ झाडून पुसून एक स्वयंपाकघरात ठेवला, एक दुकानात. सुई फिरवली. आणि अंगणापलीकडच्या खोलीतला बाळीचा श्वास, होय, श्वास सुद्धा, दुकानात ऐकू यायला लागला. साठी उलटलेला माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"हे म्हंजे आपल्या घरातलं बारकं रेडिओ स्टेशन समज," त्यानं बायकोला सांगितलं.

उमादेवी अडाणी बाई, पण तिनं नेमकं विचारलं. "स्टेशन म्हंजे मंग गल्लीला बी ऐकू जाईल की वो."

"अगं, सुईवर जिथं काहीच लागत न्हाय तिथं बसवलंय. आणि आजकाल रेडिओ लावतंय कोण?"

आता याला काय म्हणावं? समोरच्या ताहेराबी दिवसभर गोधड्या शिवत रेडिओ ऐकतात. त्यांचा रेडिओ यानंच तीनदा दुरुस्त करून दिलेला. शंभुलिंगच्या दुकानात मशीनच्या आवाजावर ताण करत सकाळपासून धाराशिवचं स्टेशन चालू असतं, तो सेट सुद्धा याच्याच हातचा. पण माणूस आपल्या कलेवर खूश झाला की त्याला साधं दिसत नाही.

महालिंगप्पा सगळ्या कामधंद्यातून उठल्यासारखा रेडिओपाशी बसून राहायला लागला. बाळी हसली, उचकी लागली, पाळणा कुरकुरला, सगळं याला ठाऊक. मधेच अंगण ओलांडून पडद्याबाहेरून वर्दी द्यायचा, "समे, बाळीला दोन शिंका आल्या. टोपडं घाल."

"घातलंय अप्पा," आतून आवाज यायचा.

उमादेवी हसायची. "आत जाऊन बघा की नातीला. आपल्यात कुठं सुवेर-सुतक धरत्यात? लिंगायताच्या घरात बाळंतिणीच्या खोलीला बाप्याची आडकाठी न्हाय."

"असू दे. पाजत असंल ती," महालिंगप्पा म्हणायचा आणि परत दुकानात. आडकाठी धर्माची नव्हती, त्याच्या स्वतःच्या संकोचाची होती. लेक वयात आली तेव्हापासून तो तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर खाकरून उभा राहायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा.

दोन गोष्टी त्याच्या लक्षात आल्या होत्या. खरं सांगायचं तर दोन्ही वेळेवर लक्षात आल्या होत्या, आणि दोन्ही त्यानं सोडून दिल्या.

पहिली ही, की अकरा वाजता शेगडी आत गेली की आवाज सुईवरून हलायचा. कॉइल तापली की स्टेशन सरकतं, हे तो चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. डबडं शेगडीपासून हातभर लांब बांधलं असतं तरी भागलं असतं. पण त्यासाठी परत आत जायचं, समृद्धीला परत उठवायचं. त्यापेक्षा आपली सुई सरकवलेली सोपी. रोज थोडी थोडी सरकवत तो आवाजाच्या मागं मागं जात राहिला आणि एक दिवस सुई जाऊन थेट धाराशिवच्या स्टेशनावर बसली. गाण्याच्या डोक्यावर बसून बाळीचं हुंकारणं ऐकू यायला लागलं. महालिंगप्पाला त्याचा अभिमान वाटला! सरकारी स्टेशनला माझ्या डबड्यानं दाबलं म्हणून मांडीवर थाप मारून हसला तो.

आणि दुसरी गोष्ट अशी, की त्या रेडिओवर समृद्धीचा आवाज कधी येत नव्हता. बाळंतीण पोरीशी किती बोलते! उमादेवी समृद्धीच्या वेळेला दिवसभर वटवट करायची, सोनुली काय, माझी बया काय. इथं मात्र बाळी रडायची, मग गप व्हायची, पाळणा कुरकुरायचा. बस्स. ना लाड, ना अंगाई. लेक तीन-चार दिवसांत दोन वाक्यं बोलली असेल तर शपथ. महालिंगप्पाला ते खटकलं. एकदा त्यानं बायकोजवळ विषय काढलाही.

"अंग ठणकत आसंल तिचं. पहिलटकरीण हाय," उमादेवी म्हणाली आणि डिंकाचे लाडू वळायला बसली. विषय मिटला.

बाळी वीस-बावीस दिवसांची झाली तेव्हाची ही गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस होता. उमादेवी पिशव्या घेऊन बाजाराला गेली. "बाळंतिणीकडं कान ठेवा," जाताना एवढं बोलून गेली. दुपारचा दीड वाजला असेल. महालिंगप्पा एका टेबलफॅनची वायर सोलत बसला होता आणि रेडिओवर समृद्धीचा आवाज आला.

"बाळे, ऐक," ती म्हणाली.

महालिंगप्पाच्या तोंडावर हसू आलं. बोलली एकदाची, असं त्याला वाटलं.

"तू झालीस तवा सगळे हसत होते. मी पण हसले. पण मला आतून काहीच झालं नाही बघ. अजून होत नाही. तुला घेते, पाजते, पाळण्यात टाकते, दुसऱ्या कुणाचं लेकरू सांभाळायला ठेवल्यागत." पाळणा दोनदा कुरकुरला. "काल तू रडत होतीस तवा मी कानात बोटं घालून बसले होते. किती वेळ बसले ते मलाच कळलं नाही. कधीकधी वाटतं, तुला हितंच ठेवावं आणि स्टँडवर जाऊन समोर दिसंल त्या गाडीत बसावं. कुठं का जाईना. मला झोप येत नाही गं. मला माझीच भीती वाटायलीय."

मग ती रडायला लागली. लहान मूल रडतं तसं नव्हे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून बाई रडते तसं.

"कुणीतरी यायला पाहिजे," ती म्हणाली. "कुणीतरी जवळ येऊन बसायला पाहिजे माझ्या. बाकी काही नको."

महालिंगप्पाच्या हातातली वायर तशीच राहिली. उठावं, अंगण ओलांडावं, पडदा बाजूला सारावा. किती पावलं? वीस? पंचवीस? पण आत जाऊन बोलायचं काय? मी तुझं चोरून ऐकत होतो म्हणायचं? आईनं लेकराजवळ मन मोकळं केलेलं, त्यात बापानं तोंड खुपसायचं? बायकांचं असतं काहीबाही, उमादेवी आली की बघेल. असं ऐकणं सुद्धा पाप, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आणि त्यानं हात लांब करून रेडिओचा आवाज बारीक केला.

सभ्यपणा वाटला त्याला तो! कपाळ त्याचं.

दोन मिनिटं गेली नसतील, ताहेराबी रस्ता ओलांडून धावत दुकानात आल्या. सत्तरीची बाई, पायात चप्पल नाही, ओढणीला गोधडीची सुई तशीच टोचलेली.

"अप्पा, बैठे क्या ऐसे? बच्ची रो री है! माझ्या रेडिओत यायलंय सगळं. गाणं बंद झालं अन् समृद्धी बोलायली. अंदर जाव ना!"

महालिंगप्पानं सुईकडं बघितलं. धाराशिवचं स्टेशन. म्हणजे ताहेराबींचा सेट. म्हणजे शंभुलिंगचा सेट. म्हणजे गल्लीत ज्यानं ज्यानं लावलं असेल त्याचा.

तो उठला, पण खोलीकडं गेला नाही. दुकानातल्या भिंतीवर मागच्या खोलीचं बटण होतं, तिकडं गेला आणि ते खटकन बंद केलं. रेडिओवर परत गाणं लागलं. लेक रडत होती, तिचं रडणं अर्ध्यात तोडलं आणि तेही भिंतीवरचं बटण दाबून. ताहेराबींनी त्याच्याकडं असं बघितलं, की ती नजर पुढं कित्येक दिवस त्याच्या मानेवर बसून राहिली. मग त्याच अंगण ओलांडून आत गेल्या. तासभर समृद्धीजवळ बसल्या, तिच्या केसांना तेल लावलं, तिला दोन घास भरवले, रेडिओचं मात्र तिला कळू दिलं नाही. शेजारची बाई गेली आणि बाप दुकानात स्क्रू मोजत बसला.

उमादेवी बाजारातून आली तेव्हा तो म्हणाला, "मशीन बिघडलीय. बंद ठेवली." एवढंच. शेजारणीनं काय ऐकलं, आपण काय ऐकलं, एक अक्षर सांगितलं नाही. सकाळी बोलू म्हणाला मनाशी. योग्य वेळ बघून बोलू.

सकाळ त्याच्यासाठी थांबली नाही. आठ वाजता दारात जीप उभी राहिली. अयोध्याबाई उतरल्या, शिवकुमार उतरला, आणि गल्लीच्या तोंडावरून शंभुलिंग गळ्यात टेप तशीच अडकवून आला.

अयोध्याबाई काही कजाग बाई नव्हत्या. खोटं कशाला बोलायचं? बाईचा रंग उडालेला होता. "आमची नात हाय ओ विहीणबाई," त्या उमादेवीला म्हणाल्या. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय माझ्या. बाळंतीण अशी बोलायली म्हणल्यावर लेकरू तिच्याजवळ एकटं ठेवायचं कसं? दोघींना नेतो आमी."

"कशी बोलायली? कोण बोलायली?" उमादेवीला काही उमजेना. "पहिलं बाळंतपण हाय, सव्वा महिना तर होऊ द्या! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणून ऱ्हायलेत," शंभुलिंग खाली बघत म्हणाला. "आधी मला वाटलं रेडिओवर नाटक लागलंय. मंग आवाज वळखला. दुकानात चार गिऱ्हाइकं हुती वैनी. त्यांनी बी ऐकलं. संध्याकाळपर्यंत चौकात म्हणत हुते, महालिंगप्पाची लेक लेकराला टाकून पळून जाणार हाय. कुणी तर म्हणालं, गळा दाबणार हाय."

समृद्धी पडद्याबाहेर आली होती. कधी आली कुणालाच कळलं नव्हतं. अंगावर शाल, कानाला फडकं बांधलेलं.

"रेडिओवर?" तिनं विचारलं.

मग तिनं बापाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. जन्मात एकदा माणसाला खरं बोलायची वेळ येते, तशी ती आली होती. मी पण ऐकलं, पोरी, माझी चूक झाली, ती येडी न्हाय, तिला एकटं वाटायलंय, हे सगळं महालिंगप्पाच्या घशापर्यंत आलं. आणि तोंडातून निघालं काय?

"शेगडीनं कॉइल तापली," तो म्हणाला. "सुई सरकली."

समृद्धी माघारी वळली. आत गेली, बाळीचे कपडे गोळा केले, बाळीला आणून सासूच्या हातात दिलं आणि जीपमधे जाऊन बसली. तिला कुणी ओढून नेलं नाही. सोडायला दारात उभ्या असलेल्या ताहेराबी तेवढ्या मोठ्यानं रडल्या.

त्यानंतर उमादेवी नवऱ्याशी आठ दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच बोलली, "म्या इचारलं हुतं तुमाला. गल्लीला ऐकू जाईल का म्हणून." महालिंगप्पा दुकान उघडायचा, बसायचा, शंभुलिंग समोरून गेला की मान खाली घालायचा. रोज सकाळी वाशीला फोन लावायचा.

"बरी आहे अप्पा," समृद्धी म्हणायची.

"बाळी?"

"बरी आहे."

"झोप लागती का तुला?"

"लागती. ठेवू का?"

हे असं रोज. एका शब्दाचा फरक नाही. फोन सासूच्या समोर घेतला जातो हे त्याला आवाजावरून कळायचं, तेवढा त्याचा कान तयार होता.

शेवटी एकदा गल्लीत लसीकरणाला आलेल्या आशाताईला त्यानं गाठलं. चाळीस वर्षांत कुणाला काही विचारलं नव्हतं, ते त्यानं अडखळत, जमिनीकडं बघत विचारलं. आशाताईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "अप्पा, हे दुखणं आहे. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतं. ताप येतो तसं. औषध आहे त्याला, बोलणारे डॉक्टर आहेत धाराशिवला सरकारी दवाखान्यात. लेकरू काढून घेतलं की उलट जास्त होतं. आधी कामून नाही सांगितलं?"

महालिंगप्पा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वाशीला गेला.

अयोध्याबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला. बाळी त्यांच्याच मांडीवर होती. घराची रीत बसलेली दिसत होती. भूक लागली की बाळीला समृद्धीच्या हातात द्यायचं, पाजून होईस्तोवर उंबऱ्यात बसून राहायचं, मग परत घ्यायचं. समृद्धी न्हाणीत जाताना दार नुसतं लोटून घेत होती, कडी लावायची मनाई होती. हे सगळं कुणी रागावून करत नव्हतं. सगळे तिच्याशी गोड बोलत होते, आजारी म्हशीजवळून जाताना माणूस सावध बोलतो तसं.

महालिंगप्पानं शिवकुमारला बाजूला घेतलं आणि आशाताईचं सगळं सांगितलं. हात जोडले जावयापुढं. शिवकुमारनं ते हात धरून खाली केले. "मामा, मला पण झोप नाही," तो म्हणाला. "पण आई म्हणती, असल्या डॉक्टरकडं नेलं की गावभर होईल. आणि समृद्धी आता काही बोलत पण नाही. विचारलं तर बरी आहे म्हणती."

"ती आता कुणालाच न्हाय सांगायची," महालिंगप्पा म्हणाला. "म्हणून म्हणतो, तुमी न्या."

शिवकुमारनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "सोमवारी रजा टाकतो," तो म्हणाला. टाकली की नाही ते सोमवारीच कळणार होतं.

शिवकुमार शाळेला निघाला आणि अयोध्याबाई चहा गाळायला आत गेल्या, बाळीला काखेत घेऊनच. बाहेरच्या ओट्यावर बापलेक दोघंच राहिले. समृद्धी वाळत घातलेल्या दुपट्यांच्या घड्या करत होती. गालाची हाडं वर आली होती तिच्या. महालिंगप्पा तिच्या शेजारी बसला. लेकीच्या इतक्या जवळ तो किती वर्षांनी बसला होता, त्यालाच आठवेना.

"समे, गल्लीला ऐकू गेलं ते माझ्यामुळं. मला माफ कर."

"गल्लीचं जाऊ द्या अप्पा."

"त्या दिवशी मी पण ऐकत हुतो. तू बाळीला सांगत हुतीस ते."

तिचे हात थांबले. "बाळीला?" ती म्हणाली. "वीस दिवसांच्या पोरीला काय कळतंय?"

महालिंगप्पाला समजेना. तिनं दुपटं मांडीवर ठेवलं आणि हळू आवाजात, आतल्या दाराकडं एक डोळा ठेवून बोलायला लागली.

"आईला सांगून बघितलं होतं मी एकदा. तिनं अजून दोन लाडू दिले. ह्यांना फोनवर काय सांगणार, त्यांच्या आई शेजारीच असतात. तुमच्या समोर येऊन बोलायचं तर तुम्ही उठून दुकानात जाता. म्हटलं, समोर नको. अप्पा दिवसभर रेडिओपाशी बसतात, शिंक आलेली सुद्धा त्यांना कळती. असं बाळीचं नाव घेऊन बोललं तर त्यांना पण अवघड नाही, मला पण नाही. आई बाजाराला जायची वाट बघत थांबले होते मी." तिनं मांडीवरचं दुपटं सारखं केलं. "बोलून झाल्यावर पडद्याकडं बघत बसले. पडदा हलला, तर ताहेराबी."

आत कपबश्यांचा आवाज झाला. बाळी कुरकुरायला लागली होती.

"मी आपलं धरून चालले, की तुमच्या रेडिओला खरखर होती," समृद्धी म्हणाली. तिनं बापाकडं बघितलं, आणि त्या बघण्यात अजून थोडी आशा होती. "गल्लीला गेलं, पण तुमच्याकडं धड आलं नसंल. तसंच झालं ना अप्पा?"

हो म्हटलं असतं तर तिचं समाधान झालं असतं. एका शब्दाचं काम होतं.

"न्हाय," महालिंगप्पा म्हणाला. "सगळं ऐकू आलं हुतं."

आतून अयोध्याबाईंनी हाक मारली, पोरीला भूक लागली म्हणून. समृद्धीनं घडी केलेलं दुपटं उचललं आणि ती बाळीला पाजायला आत गेली.